पेन्सिलीची फुली

लग्नानंतरच्या एकोणीस वर्षांत सन्मती मगदूम यांनी एकही कागद वाचून सही केली नव्हती. तशी गरजच पडली नव्हती. बायको, म्हणजे त्रिशला, कागद आधी वाचायची, रकाने भरायची, जिथे सही हवी तिथे पेन्सिलीने बारीकशी फुली मारायची आणि कागद चहाच्या कपाशेजारी ठेवायची. सन्मती एका हाताने चहा प्यायचे, दुसऱ्या हाताने सही करायचे. मग त्रिशला मुलीच्या कंपासपेटीतलं खोडरबर घेऊन फुली खोडायची. घराचं खरेदीखत, मुलीचा, म्हणजे समूचा, शाळाप्रवेश, आईच्या डोळ्याच्या ऑपरेशनचं संमतीपत्र, सगळं याच रीतीने पार पडलं होतं. २०४१ साल उजाडलं, सांगली-मिरज रस्त्यावर बिनचालकाच्या बसगाड्या धावू लागल्या, तरी सरकारी कागदावर सही शाईचीच लागत होती आणि सन्मतींना फुली पेन्सिलीचीच लागत होती.

दोघंही एकाच कचेरीत इंजिनिअर. खोरे जलनियंत्रण कक्ष असं त्या कचेरीचं नाव. नदीच्या वरच्या अंगाला असलेल्या सात धरणांचे दरवाजे कधी आणि किती उघडायचे ते सांगलीतल्या या एका खोलीत ठरायचं. त्रिशला नवऱ्याला ऑफिसात ‘सर’ म्हणायची आणि घरी, सासूसमोर, ‘अहो’. नावाने हाक मारायला तिला कुठेच जागा नव्हती. पण त्याबद्दल तिची तक्रार नव्हती. तक्रार फेब्रुवारीत सुरू झाली.

फेब्रुवारीत कक्षप्रमुखाच्या जागेसाठी चाचणी झाली. सगळ्या कचेरीला वाटत होतं की ही जागा त्रिशलाची. २०३७च्या पुरात पाण्याचा फुगवटा तिने सगळ्यांच्या आधी ओळखला होता आणि निम्मं शहर कोरडं राहिलं होतं. सन्मती त्या दिवशी एका परिसंवादाला गेले होते. परिसंवादाचा विषय होता ‘पूर आणि आपण’.

पण आता अनुभव मोजत नव्हते. आता टोचणी मोजत होते.

टोचणीचा शोध पुण्याच्या एका प्रयोगशाळेत डॉ. कुमुदिनी लेले यांना लागला, तोही दुधामुळे. त्या स्वतःच्याच मेंदूचा आलेख काढत बसल्या होत्या आणि मध्येच त्यांना आठवलं, घरी गॅसवर दूध राहिलंय. त्याच क्षणी पडद्यावर एक बारीक, नियमित ठोका उमटू लागला. त्यांनी शेजारणीला फोन केला. ती म्हणाली, “किल्ली आहे माझ्याकडे, जाऊन बंद करते.” अजून ती घरात पोचलीही नव्हती, दूध उतू जातच होतं, तरी ठोका थांबला. बाईंनी प्रयोग शेकडो लोकांवर करून पाहिला. निष्कर्ष असा निघाला की प्रत्येक राहिलेलं काम मेंदूच्या पुढच्या भागात एक ठोका देत राहतं, माणूस दुसऱ्या कशात गुंतलेला असला तरीही. आणि तो थांबायला काम झालेलं लागत नाही. ते आता दुसऱ्या कुणाच्या तरी गळ्यात आहे आणि तो विसरणार नाही, एवढी खात्री लागते. असे सगळे ठोके एकत्र मोजले की शून्य ते शंभरमधला एक आकडा मिळतो. तीच टोचणी. बाईंच्या निबंधात एक तळटीपही होती. विवाहित स्त्रियांच्या बाबतीत, नवऱ्याने फोनवर “बघतो मी” असं सांगितल्यास ठोक्यात कोणताही फरक पडत नाही. नमुना चारशे बारा, अपवाद शून्य.

तळटीपा कोण वाचतो? सरकारने आकडा तेवढा उचलला. ज्याच्या हातात विमानं, रेल्वे किंवा धरणाचे दरवाजे आहेत त्याची टोचणी वीसच्या आत हवी, असा नियम झाला. कानामागे एक रुपयाएवढी चकती चिकटवायची आणि ती चोवीस तास ठेवायची. काढली तर नोकरी गेली. एवढी चोख व्यवस्था. टोचणी का वाढते आणि कुणाची वाढते हे विचारायची तरतूद नियमात नव्हती.

त्रिशलाला चाचणीची वेळ सकाळी नऊची मिळाली होती, सन्मतींना संध्याकाळी साडेपाचची. आदल्या दिवशी सन्मती म्हणाले, “आपण वेळ बदलून घेऊया का? माझं डोकं सकाळीच चालतं. तुला काय, कधीही चालतं.”

तिने बदलून दिली. एकोणीस वर्षांची सवय.

मगदूमांच्या घरात आत्ती, म्हणजे त्रिशलाच्या सासूबाई, सूर्य मावळल्यावर काही खात नसत. पाणीसुद्धा नाही. जैनांच्या घरात यात नवल नाही. नवल एवढंच की सूर्य रोज वेगळ्या वेळी मावळतो आणि तो कधी मावळणार हे घरात एकट्या त्रिशलाला माहीत असायचं. आत्तींच्या डोळ्यांमुळे त्यांना शेगडीजवळ जाऊ देत नसत. त्या दिवशी सूर्यास्त सहा पस्तीसला होता. चाचणीला बसण्याआधी तिने नवऱ्याला फोन केला. सकाळी चाचणी उरकून ते घरीच होते.

“अहो, भाकरी डब्यात आहे, आमटी गरम करा आणि आत्तींना सहाला वाढा.”

“बघतो मी,” सन्मती म्हणाले.

चाचणीत धरणाचे आकडे पडद्यावर सरकत होते. ती दरवाजे बरोबर उघडत होती, बरोबर बंद करत होती, आणि कानामागची चकती सहा वाजल्यापासून इमानेइतबारे भाकरी मोजत होती. तिची टोचणी आली अठ्ठावन्न. सन्मतींची नऊ. जागा त्यांना मिळाली.

ती घरी पोचली तेव्हा साडेसात वाजले होते. आत्ती खुर्चीत बसून जपमाळ ओढत होत्या. उपाशी. सन्मती क्लबात गेले होते, सकाळची चाचणी किती छान झाली ते सांगायला.

मार्चमध्ये अधिकारी संघटनेने सन्मतींचा सत्कार केला. ते संघटनेचे चिटणीसही होते, त्यामुळे सत्काराचा ठराव त्यांनीच टाइप केला होता. भाषण डाव्या खिशात आहे याची आठवण त्रिशलाने निघताना करून दिली आणि ती पहिल्या रांगेत जाऊन बसली.

“लोक विचारतात, टोचणी नऊ कशी?” सन्मती म्हणाले. “सोपं आहे. घरचं घरी ठेवायचं, ऑफिसचं ऑफिसात. माझ्या सौभाग्यवतींनाही मी सांगत असतो. हुशार आहेत, पण मन घरात अडकलंय. थोडा प्राणायाम केला तर त्यांचीही येईल पंचवीस-तीसपर्यंत.”

लोक हसले. सन्मतींनी घाम पुसायला खिशातून रुमाल काढला. तो इस्त्री केलेला होता. तो तिथे कसा आला, या प्रश्नाने त्यांच्या मेंदूत एकही ठोका उमटला नाही.

त्रिशलाही हसली. ते हसू आत्तींनी पाहिलं असतं तर त्यांनी मुलाला सावध केलं असतं. किंवा नसतंही केलं.

दुसऱ्याच दिवशी तिने टोचणी वाटप योजनेची नियमावली मागवली आणि जेवणाच्या सुट्टीत पहिल्या पानापासून वाचायला घेतली.

ही योजना वर्षभरापूर्वी आली होती. तंत्र डॉ. लेले यांच्याच शिष्यांचं. माणूस मनातल्या मनात जे बोलतो ते घशाच्या स्नायूंत बारीकसं उमटतं. चकती ते वाचते, ‘दूध आणायचं’ एवढे शब्द त्यातून उचलते आणि दुसऱ्याच्या चकतीकडे पाठवते. ती दुसरी चकती त्याच्या मेंदूत तोच ठोका सुरू करते आणि त्याच्या फोनवर तेच शब्द येतात. काम झाल्याचं त्याला पक्कं कळेपर्यंत ठोका चालू राहतो. पहिल्याचं मन मोकळं होतं, कारण त्याला खात्री असते की समोरचा विसरूच शकणार नाही. एकदा संमती झाली की नवी टोचणीही आपोआप जाते, उमटल्यापासून अर्ध्या सेकंदात.

योजना काढली होती वरिष्ठ अधिकाऱ्यांसाठी. त्यांनी आपली उरलीसुरली टोचणी घरच्या माणसांकडे सोपवावी आणि ताज्या मनाने कामाला यावं. आतापर्यंत दोनशे अकरा अर्ज आले होते. दोनशे अकराही नवऱ्यांचे, बायकांकडे सोपवण्यासाठी. नियमावलीत मात्र ‘पती/पत्नी’ असं लिहिलेलं होतं. ते कुणा टंकलेखकाच्या नीटनेटकेपणामुळे असणार, हेतूमुळे नसावं.

त्रिशलाचं बोट कलम अकरावर थांबलं. ‘दिलेली टोचणी देणाऱ्याच्या लेखी संमतीशिवाय परत करता येणार नाही.’ हे कलम संघटनेच्या सूचनेवरून घातलं होतं. सूचना चिटणीसांची होती. बैठकीच्या वृत्तांतात त्यांचे शब्दसुद्धा होते: ‘नाहीतर घरची मंडळी संध्याकाळच्या आत सगळं परत पाठवतील.’

तिने नियमावली मिटली, डब्यातला शेवटचा घास खाल्ला आणि बडीशेप चघळत आस्थापना शाखेत गेली. तिथले बिरनाळे भाऊसाहेब गेली तीस वर्षं एकाच खुर्चीत बसून लोकांचे अर्ज परत करत होते.

त्यांनी तिने भरून दिलेला अर्ज वाचला, चष्मा वर सरकवला. “मॅडम, नावं उलटी पडलीत. देणारा इथं, घेणारा तिथं.”

“सुलटी आहेत.”

भाऊसाहेबांनी पुन्हा वाचलं. मग खिडकीबाहेर बघितलं. “असा अर्ज अजून आला नव्हता.”

“नियमात बसतो का?”

“बसतोय की. नियमाला काय, डोळे नसतात.” त्यांनी रिकाम्या रकान्यावर बोट ठेवलं. “सरांची सही लागंल. घेणाऱ्याची.”

“मिळेल,” त्रिशला म्हणाली.

घरी तिने आत्तींना सांगायचं ठरवलं. काही झालं तरी मुलगा त्यांचा. त्या निवडायला शेंगदाणे घेऊन बसल्या होत्या. ऐकता ऐकता त्यांचे हात थांबले.

“म्हणजे त्या दिवशी माझ्या भाकरीपायी तुझी जागा गेली?”

“भाकरीपायी नाही, आत्ती.”

“व्हय, कळलं मला.” आत्तींनी एक किडका दाणा बाजूला टाकला. “मला म्हणाला, आई, ती येऊन वाढंल. आणि गेला शीळ घालत.” आणखी एक दाणा गेला. “त्या यंत्रात सासवांचं बी चालतं का?”

“कुटुंबातलं कुणाचंही चालतं. कानामागे चकती लावली की झालं.”

“मग माझं बी घाल. मिरजेच्या सुमनताईचं पुरणयंत्र २००९ पासनं आपल्याकडं पडून हाय. रोज आठवतं बघ. त्याच्या बापावर घालायचं राहून गेलं. आता ह्याच्यावर घालते.”

एप्रिलच्या पहिल्या सोमवारी चहाच्या कपाशेजारी दोन कागद होते. दोन्हींवर फुली होती. सन्मती टॅबवर पाण्याच्या आकडेवारीचा अहवाल वाचत होते. अहवाल त्रिशलाने तयार केला होता.

“दोन आज?” त्यांनी विचारलं.

“एक माझा, एक आत्तींचा. वाचून बघा हवं तर.”

“वाचायचंय काय त्यात,” सन्मती म्हणाले आणि त्यांनी दोन सह्या ठोकल्या. अक्षर सुरेख होतं. त्रिशलाने दोन्ही फुल्या खोडल्या, खोडरबराचा चुरा फुंकला आणि कागद पिशवीत टाकले.

मंजुरीला तीन दिवस लागले. गुरुवारी सकाळी अकराच्या बैठकीत सन्मती पावसाळ्याच्या तयारीवर बोलत होते आणि वाक्याच्या मधोमध थांबले. छातीत काहीतरी खुपल्यासारखं झालं. दारात कुणीतरी ताटकळत उभं आहे आणि आपण उठत नाही, तसं. खिशातला फोन थरथरला. ‘आत्तींच्या रक्तदाबाच्या दोनच गोळ्या उरल्या.’

ते पुढे बोलू लागले. फोन पुन्हा थरथरला. ‘समूचे बूट लागतात. नंबर बघायचा.’ मग ‘रव्याला पोरकिडे.’ मग ‘शनिवारी पालकसभा. मागच्या वेळी कुणी गेलं नव्हतं.’ मग ‘सुमनताईंचं पुरणयंत्र.’ मग पुन्हा ‘सुमनताईंचं पुरणयंत्र.’ आत्ती घरी बसून मन लावून आठवत होत्या.

दुपारपर्यंत फोनवर आलेल्या कामांचा आकडा एकशे सत्तेचाळीस झाला. टेबलाच्या दुसऱ्या टोकाला त्रिशला बसली होती. खिडकीबाहेर गुलमोहर होता. तो खरं तर बारा वर्षांपासून तिथे होता, तिने आज पाहिला. तिला नवऱ्याबद्दल वाईट वाटायला हवं होतं. तिने थोडा वेळ वाट पाहिली. काही वाटलं नाही. वाईट वाटणंही बहुधा तिकडेच गेलं असावं.

संध्याकाळी घरी सन्मतींनी फोन तिच्यासमोर धरला. “हे काय आहे?”

“टोचणी वाटप. सोमवारी सही केलीत ना.”

“मला सांगायचंस तरी.”

“लिहिलं होतं त्यात सगळं. वाचून बघा म्हटलंही होतं.”

“त्रिशला, एकतीस मेला माझी पावसाळ्याआधीची पुनर्चाचणी आहे. टोचणी वीसच्या वर गेली तर जागा जाईल.”

“माझी पण आहे. यादीत दुसरी आहे ना मी.” तिने ताट वाढून घेतलं. “प्राणायाम करून बघा.”

शुक्रवारी सन्मती आस्थापना शाखेत धावले. बिरनाळे भाऊसाहेबांनी कलम अकरा काढून दाखवलं.

“हे कुणी घातलं?”

“आपणच, सर. वृत्तांत काढू का?”

“नको.” सन्मतींनी आवाज खाली आणला. “समजा मी म्हटलं की सही न वाचता केली होती?”

“म्हणा की,” भाऊसाहेब म्हणाले. “पण धरणाचे दरवाजे सोडायच्या हुकमावर बी कक्षप्रमुखाचीच सही असती, सर. तसं लेखी दिलंत तर वरचे लोक काय म्हणतील?”

सन्मती आले तसे गेले. आणखी एक गोष्ट होती, ती भाऊसाहेब बोलले नाहीत. जे ओझं भर सभेत ‘थोडा प्राणायाम’ म्हणून उडवून लावलं, तेच आता झेपत नाही असं कुठल्या तोंडाने सांगणार? कानामागची चकती काढली तर जागा गेली. ठेवली तर पुरणयंत्र होतंच.

मग त्यांनी ठरवलं की हा व्यवस्थापनाचा प्रश्न आहे. इंजिनिअर माणूस. रविवारी त्यांनी दिवाणखान्याच्या भिंतीवर भलामोठा तक्ता लावला. रकाने, रंग, बाण. “त्यात काय एवढं,” ते घरच्यांना म्हणाले. “एकशे सत्तेचाळीस कामं आहेत. रोज पंधरा उरकली की दहा दिवसांत संपतील.”

आत्तींनी सुनेकडे पाहिलं. सुनेने आत्तींकडे.

दहा दिवसांनी कामांचा आकडा एकशे एकसष्ट होता. बूट आणले तर मोजे लागले. मोजे आणले तर कळलं की शाळेने रंग बदललाय, आणि तो निरोप फोनवरच्या ज्या गटात आला होता त्यात सन्मती नव्हते. त्या गटात सत्तावीस आया होत्या. सन्मतींना गटात घेतलं तर दिवसाला नव्वद निरोप येऊ लागले, त्यातला एक कामाचा, आणि तो कुठला हे नव्वदही वाचल्याशिवाय कळत नव्हतं. रवा चाळला, पण कीड तोवर पोह्यांत गेली होती. रात्रीची भाजी काय करायची हे ठरवून ते निवांत बसले, तेव्हा त्यांच्या ध्यानात आलं की हा प्रश्न उद्याही आहे. परवाही. त्याला शेवटचा दिवसच नाही. ते तक्त्यासमोर बराच वेळ उभे राहिले.

पुरणयंत्र घेऊन ते मिरजेला गेले. सुमनताई वारून सहा वर्षं झाली होती. सून म्हणाली, आमच्याकडे दोन आहेत, राहू द्या तुम्हाला. ते यंत्र घेऊन परत आले. काम झालं की नाही हे त्यांच्या मेंदूला ठरवता येईना, त्यामुळे ठोका चालूच राहिला.

एक दिवस त्यांनी त्रिशलाला गाठलं. आवाजात गोडवा होता. “येताना दूध आणशील का?”

“आणते की. सांगत जा ना मला. तुम्ही सांगितलंत तर करते मी सगळं.”

तिने दूध आणलं. पण ती आणेल का, आणायला विसरली तर काय, गायीचं आणेल की म्हशीचं, या तीन ठोक्यांनी सन्मती दिवसभर बेजार होते. शिवाय तिने पिशवी ओट्यावर ठेवून दिली, आणि तापवायचं त्यांच्याकडे आलं.

“ठेवलंस तसंच?” ते म्हणाले.

“तापवायचं बोलला नव्हतात.”

हे वाक्य तिने गेल्या एकोणीस वर्षांत किमान हजार वेळा ऐकलं होतं. बोलून पाहिलं तर फार चविष्ट होतं. तिने ते मनात आणखी एकदा घोळवलं.

मेच्या शेवटच्या आठवड्यात पुनर्चाचणीच्या वेळा लागल्या. सन्मतींना सकाळी नऊ, त्रिशलाला संध्याकाळी साडेपाच. तिने दुपारच्या चहाला त्यांच्यासमोर खुर्ची ओढली.

“आपण वेळ बदलून घेऊया का? माझं डोकं सकाळी बरं चालतं असं लक्षात आलंय. तुम्हाला काय, कधीही चालतं.”

सन्मतींनी मान वर केली. नाही म्हणायला त्यांनी तोंड उघडलं, तेवढ्यात फोन थरथरला. ‘एकतीसला सकाळी नऊला समूचं दातांच्या डॉक्टरकडे नाव लावलंय.’ ते नाव त्रिशलानेच महिन्यापूर्वी लावलं होतं. दुसरी तारीख जुलैत मिळत होती.

“बरं,” सन्मती म्हणाले.

एकतीस तारखेला सकाळी त्रिशला चाचणीला बसली. पडद्यावर सात धरणं होती, आणि तिच्या डोक्यातही सातच धरणं होती. आयुष्यात पहिल्यांदा. टोचणी आली सात. परीक्षकांनी यंत्र बिघडलंय का ते दोनदा तपासलं.

संध्याकाळी सव्वापाचला सन्मती चाचणीच्या खोलीबाहेर उभे होते. सूर्यास्त सहा अठ्ठावन्नला. हे आता त्यांना न बघता माहीत असायचं. त्यांनी घरी फोन लावला.

“त्रिशला, भाकरी डब्यात आहे, आमटी केलेली आहे, फक्त गरम करायची. आईला सहाला वाढ. गोळी जेवणानंतर. वाढशील ना?”

“बघते मी,” त्रिशला म्हणाली.

फोन ठेवून ती स्वयंपाकघरात वळली. आत्ती पाचलाच जेवायला बसल्या होत्या. ज्वारीची दुसरी भाकरी चालली होती, ताटात ताजं लोणी होतं आणि गोळी वाटीत काढून ठेवलेली होती.

“काय म्हणतोय?” आत्तींनी विचारलं.

“तुम्हाला वाढायला सांगतायत.”

“मग? जेवले म्हणून सांगितलंस का?”

“त्यांनी विचारलं नाही.”

आत्तींनी भाकरीचा तुकडा लोण्यात बुडवला. “माझ्याकडं फोन केला तर उचलत न्हाई मी. हात खरकटा हाय.”

सन्मतींनी सहा ते सातच्या दरम्यान चार वेळा फोन केला. चाचणीच्या अधेमधे विश्रांती असते, तेव्हा. आत्तींनी चारही वेळा फोनकडे बघितलं आणि जपमाळ ओढली. सहा पन्नासला तिसरं धरण भरत आलं होतं आणि सन्मती पडद्यावरच्या सूर्याकडे बघत होते. तो हवामानाचा रकाना होता.

त्यांची टोचणी आली एकसष्ट.

परीक्षक सभ्य होते. त्यांनी शेऱ्यात एवढंच लिहिलं: ‘अनुभवी अधिकारी. मन घरात अडकलेले दिसते.’

एक जूनला त्रिशला मगदूम कक्षप्रमुख झाली. खुर्ची तीच, नदी तीच. बदल एवढाच की सन्मतींना आता ऑफिसात तिला ‘मॅडम’ म्हणावं लागायचं. पहिल्या दिवशी त्यांनी ते खोकून म्हटलं. दुसऱ्या दिवशी खोकला नव्हता.

त्या आठवड्याच्या शुक्रवारी ती घरी आली, हातपाय धुऊन जेवणाच्या टेबलाशी बसली. सन्मतींनी तिच्यासमोर चहा ठेवला. चांगला झाला होता, आलं घातलेलं होतं. कपाशेजारी एक कागद होता. ‘टोचणी परत करण्यासाठी संमतीपत्र. कलम अकरा.’ सगळे रकाने नीट भरलेले होते. खाली उजवीकडे पेन्सिलीची बारीकशी फुली होती.

सन्मती समोर उभे राहिले. एका हातात पेन, दुसऱ्या हातात ओटा पुसायचं फडकं.

“फक्त सही करायचीय,” ते म्हणाले.

त्रिशलाने चहाचा कप बाजूला सरकवला. पिशवीतून चष्मा काढला, पुसला, लावला. मग कागद हातात धरून ती पहिल्या ओळीपासून वाचू लागली.

“‘मी, खाली सही करणार, असे लिहून देते की,’” ती वाचत होती, मोठ्याने, सावकाश, “‘सदरहू टोचणी मी स्वखुशीने परत घेत आहे.’” ती थांबली. “स्वखुशीने.”

“छापील मजकूर आहे तो.”

“हो ना. म्हणून तर वाचावं लागतं.” तिने पान उलटलं. मागची बाजूही वाचली. बारीक अक्षरातल्या सूचना वाचल्या. छापखान्याचं नावही वाचलं. आत्ती कोपऱ्यातल्या खुर्चीत हात मांडीवर ठेवून बसल्या होत्या. त्यांनी माळ ओढायची थांबवली होती.

“त्रिशला,” सन्मती म्हणाले, “चुकलो मी. आता कळलं मला सगळं.”

ते खरं बोलत होते. ते तिला दिसत होतं. दोन महिन्यांत ते जरा वाळले होते, आणि समूच्या वर्गशिक्षिकेचं नाव त्यांना पाठ झालं होतं.

“किती महिने झाले?” तिने विचारलं.

“दोन.”

“मला एकोणीस वर्षं झाली,” त्रिशला म्हणाली. “तुम्ही दोन महिन्यांत शिकलात. हुशार आहात.”

तिने हात लांबवून समूची कंपासपेटी ओढली. खोडरबर काढलं. कागद टेबलावर सरळ केला आणि ती फुली खोडायला लागली. काही घाई नव्हती. एक रेघ गेली, मग दुसरी. मग तिने चुरा फुंकला, कागदाची घडी घातली आणि तो सन्मतींच्या हातात ठेवला.

मग हातातल्या खोडरबराकडे तिचं लक्ष गेलं. झिजून पार नखाएवढं झालं होतं.

अर्ध्या सेकंदाने सन्मतींच्या खिशात फोन थरथरला.